राजवैद्य आमच्या घरचे!

आता चहा घेऊनच राहिले आहात, तर सांगून टाकतो. बाहेरून ऐकाल तर तिखटमीठ लावलेलं ऐकाल. सौंसरच्या भर सभेत मी माझी जी शोभा करून घेतली ना, तशी अख्ख्या पांढुर्ण्यात आजवर कोणी करून घेतली नसेल!

सुरुवात झाली आमच्या साडूपासून. दिवाकर. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सौंसरला त्याचं पाइप आणि नळाच्या तोट्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर जळतो.

जळतोच! पण का, ते ऐका.

गेल्या साली त्याला घरातल्या जुन्या पेटीत मोडी पत्रांचा गठ्ठा सापडला. आपल्याकडे मोडी वाचतो कोण? नागपूरहून कुंदाताई म्हणून मोडीच्या जाणकार आल्या. त्यांनी वाचून सांगितलं की ही पत्रं भोसल्यांच्या काळातल्या एका मोठ्या राजवैद्यांना आलेली आहेत. सरदारांची, सावकारांची, लांबलांबच्या वैद्यांची. म्हणजे आमचा दिवाकर राजवैद्यांचा वंशज!

झालं! पेपरात फोटो. रामाकोन्याहून, लोधीखेड्याहून लोक पाया पडायला येऊ लागले. तोटी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी हात पुढे करायचं, "जरा नाडी पाहून द्या ना जी." आणि हा पाहायचा! डोळे मिटून!

मी गणिताचा मास्तर. अर्ध्या पांढुर्ण्याला त्रैराशिक शिकवलं. माझ्यापुढे लोकांनी हात केला तो फक्त छडी खायला.

तरी मी गप्प होतो. पण बोरगावला सासूबाईंकडे जेवायला गेलो आणि हद्द झाली. त्या घरात पहिली वाढणी मोठ्या जावयाला, म्हणजे मला. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. त्या दिवशी सासूबाई पातोडीचा रस्सा घेऊन आल्या आणि मला ओलांडून थेट दिवाकरच्या ताटाशी!

"घ्या दिवाकरराव. वैद्याच्या घरचे तुमी. तुमच्यापासून सुरुवात झाली की सर्वायले पचते."

परतताना बायको म्हणाली, "तोंड काऊन पाडून राहिले?"

"कुठं पाडलं?"

"दिवाकररावाचं चांगलं झालं तर तुमच्या बापाचं काय गेलं?"

बापाचं नाव निघालं आणि मला आठवलं. आमच्या देवघरात एक लाल बासन आहे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचं आणि परत ठेवायचं. वडील तेच करायचे, मीही तेच करतो. आत काय आहे, हे विचारायची आमच्याकडे पद्धतच नाही.

घरी आलो, चपला काढल्या आणि बासन सोडलं. आत कागद. मोडी! मी तिथेच देवापुढे लोटांगण घातलं. एका पत्राच्या वरच्या भागाचा फोटो काढून कुंदाताईंना पाठवला. लगेच फोन.

"सर, हे कुठे मिळालं? हे तर खुद्द वैद्यराजांनी लिहिलेलं पत्र आहे! नाव त्यांचंच!"

"आमच्या देवघरात! गठ्ठाच आहे!"

"मग सर, याचा अर्थ असा होतो की तुमचे पूर्वज..."

"समजला ताई, अर्थ समजला!" आणि मी फोन ठेवला.

मनात हिशेब मांडला. दिवाकरकडे काय आहे? दुसऱ्यांनी लिहिलेली पत्रं. माझ्याकडे काय आहे? वैद्यराजांनी स्वतः लिहिलेली. मग वैद्यराज कोणाचे? सिद्ध झालं! आता हसू नका, त्या दिवशी तुम्हीच पेढे खाल्ले होते माझ्या घरी.

त्याच आठवड्यात सौंसरला दिवाकरचा सत्कार होता. मी बासन छातीशी धरून निघालो. बायको मागून, "अहो, ताईले एकदा पुरतं वाचू तर द्या!"

"सभेत वाचतील. माइकवर!"

सभा भरलेली. पहिल्या रांगेत सासूबाई आणि बायको, मंचावर कुंदाताई. शाल दिवाकरच्या खांद्याजवळ पोचली आणि मी उभा राहिलो.

"थांबा! शाल चुकीच्या खांद्यावर जाऊन राहिली!"

मग काय बोललो म्हणता? बासन उंच धरून सांगितलं, वैद्यराजांची स्वतःची पत्रं आमच्या घरात आहेत, सबब वैद्यराज पांढुर्ण्याचे. "दिवाकररावांचे पूर्वज त्यांची डाक सांभाळत असतील, मी नाही म्हणत नाही!"

दिवाकरचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "साडभाऊ, तसं असंन तर शाल तुमचीच. वैद्यराज घरातच राहिले ना."

मोठेपणाही यानंच घ्यायचा! माझी आग आणखी भडकली. "वाचा ताई!"

"सर, आपण आधी बाजूला बसून..."

"बाजूला नाही. इथंच!"

कुंदाताईंनी चष्मा पुसला. "बरं. एक विचारू सर? तुम्ही एखाद्याला पत्र लिहिलं, तर ते शेवटी कोणाच्या घरी राहतं?"

"ज्याला लिहिलं त्याच्या घरी!" मी वर्गात सांगतो तसं ठणकावून सांगितलं.

आणि मग माझं वाक्य मलाच ऐकू आलं. समोर बायकोनं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

पण ताईंना तर मीच वाचायला लावलं होतं. त्या वाचू लागल्या. माइकवर.

"'आपले पत्र पावले. मागील पत्राचे उत्तर निघाले नाही तोच हे आले. आपली नाडी आम्ही स्वतः पाहिली, ती उत्तम आहे. शेजारियाने घोडी घेतली तेव्हापासून अन्न जात नाही, ती खिंकाळता छाती धडधडते, ऐसे आपणच लिहिता. यास आमचेपाशी मात्रा नाही. घोडीकडे पाहू नये, इतके पथ्य करावे.'"

सभा लोटपोट! मी बासनामागे तोंड लपवलं. कुंदाताई मात्र हरखून गेल्या होत्या. "दिवाकररावांच्या गठ्ठ्यात पांढुर्ण्याच्या एका गृहस्थाची पत्रं ढिगानं आहेत. त्यांना वैद्यराज काय उत्तर देत होते, तेच कळत नव्हतं. सर, तुमच्यामुळे पत्रव्यवहार पूर्ण झाला!"

दिवाकरनं ती शाल आणून माझ्या खांद्यावर टाकली. सासूबाई उठून म्हणाल्या, "असू द्या जावई. रोगी नसता तर वैद्याले पुसलं कोणं असतं?"

आता दोन्ही घरचे कागद सौंसरच्या वाचनालयात काचेत मांडलेत. वर आम्हा दोघांचे फोटो. त्याच्याखाली 'वैद्यराजांचे वंशज'. माझ्याखाली 'रोग्याचे वंशज'.

बायको म्हणाली, "आता तरी पटलं? दोघायचे फोटो बरोबरीनं लावले ना!"

बरोबरीनं? मी काल पट्टी घेऊन गेलो होतो. त्याचा फोटो दोन बोटं मोठा आहे.

कालपासून मला अन्न जात नाही.