बसू-सिकंदरची बिनगाण्याची कॅसेट

साउंडवाल्यांकडं किस्से वायरींसारखे असतात. कितीबी नीट गुंडाळून ठेवा, एक ओढली की दहा गुंतून वर येतात! बसवराज, आमचा बसू, गेल्यापासून आम्ही लातूरचे जुने साउंडवाले चहाला बसलो की त्याचेच निघतात.

बसू ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. त्याचा दोस्त सिकंदर नांदेडचा, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. सिकंदरच्या दुबईतल्या भावानं एकदा एक कॅसेट पाठवली. नुसता ठेका, आणि त्यावर हळूहळू चढत जाणारे सूर. बसूनं बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "गानं कवा सुरू व्हनार?"

"अरे, ये इच गाना है!" सिकंदर म्हणाला.

कॅसेट संपली. बसू म्हणाला, "परत लाव."

*

मग दोघांनी तसलं स्वतः करायचं ठरवलं. स्टुडिओ कुठला? औसा रोडला बसूच्या वडिलांचं, अप्पांचं, गोडाऊन. तुरीच्या थप्प्यांमुळं आत आवाज घुमत नसे. ठेक्यासाठी शेजारच्या डाळमिलचा खडखडाट टेप केला. अप्पा रोज बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही. "आरं, मिल हितंच हाय की! मग टेपात कशाला भरायलाव?"

*

नायगावच्या एका वरातीत मी ती टेप लावली. वऱ्हाडी हात वर करून उभे. ठेका चढतोय, चढतोय, पण नाचायचं कधी तेच कुणाला कळेना! नवरदेवाचे मामा गाडीपाशी येऊन ओरडले, "आवो, मशीन गरम व्हायलंय का?"

तेवढ्यात घोडी नाचायला लागली. नवरदेवाला खाली उतरवावं लागलं!

शिव्या मी खाल्ल्या. बसू मात्र खूश. "येकीला तरी कळलं!"

*

मग दोघं नांदेडला कॅसेट काढणाऱ्या एका शेठकडं गेले. मीही संगं होतो. शेठनं शांतपणे सगळं ऐकलं. आम्हाला वाटलं, जमलं! शेठ म्हणाला, "म्युझिक एक नंबर. फक्त बाईचा आवाज भरायचा राहिलाय. तेवढा भरून आना."

परतीच्या एसटीत बसू चाकूर येईपर्यंत शेठची नक्कल करून हसवत होता. चाकूरच्या पुढं खिडकीबाहेर बघत बसला. लातूर आलं तरी उठेना.

त्यानंतर त्यानं कीबोर्डला हात लावला नाही. अप्पांच्या जागी गोडाऊनवर बसायला लागला. सिकंदर मोबाइल दुरुस्त करायला लागला. ती टेप आमच्या चार-पाच जणांशिवाय कुणाला माहीत झाली नाही.

*

गेल्या वर्षी पुण्याचा एक डीजे पोरगा मोबाइल दुरुस्त करायला सिकंदरकडं आला. दुकानात तीच टेप चालू होती. पोरगा थबकला. "काका, हे तर प्रोग्रेसिव्ह हाऊस म्युझिक आहे! आणि किती जुनं! कुठल्या देशातलं?"

"औसा रोड," सिकंदर म्हणाला.

सिकंदर तसाच दुकान बंद करून लातूरला आला. बसूच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, दवाखान्यात डायलिसिस चालू होतं. सिकंदरनं त्याचा हात धरला. "बसू, अपने गाने को नाम है रे! हाऊस बोलते उसको!"

बसूला धड बोलता येत नव्हतं. तरी तो म्हणाला, "हाऊस कसलं... गोडाऊन म्हन!"

आम्ही खूप हसलो. सिकंदर बाहेर जिन्यात जाऊन रडला.

*

बसूच्या दिवसकार्याला घर पाहुण्यांनी भरलेलं. पूजा झाली, आणि महादेवीवहिनी, बसूची बायको, म्हणाल्या, "सिकंदरभाऊ, त्येंची टेप लावा."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. या बाईनं ती टेप घरात कधी पुरी वाजू दिली नव्हती. दोन मिनिटांत "डोकं उठायलंय" म्हणून बंद करायच्या.

सिकंदरनं लावली. पाहुणे माना खाली घालून ऐकत बसले. त्या टेपेत मध्ये एका ठिकाणी सगळं थांबतं. ठेका नाही, सूर नाही. पाहुण्यांना वाटलं, झालं. कुणी टोपी घातली, कुणी चपला शोधायला लागलं.

वहिनींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "बसा की. त्येंचं संपलं न्हाई अजून."