पायाळू बायकोचा नवरा

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण गोष्टच त्यांची आहे म्हटल्यावर एकदा घेते: भिकाजी. झालं. यापुढे नुसतं ‘हे’.

हे लोट्याला एका कंपनीत पॅकिंगला होते. दिवसभर पोती भरायची, शिवायची, उचलून रचायची. कंपनीची बस तिठ्यावर सोडायची, तिथून चढण चढून घर. दुसरा माणूस असता तर हातपाय धुऊन आडवा झाला असता. हे आले की शर्ट काढून अंगणात! अंगणात यांची तालीम. तरणे असताना मुंबईला चुलत्याकडे राहिलेले, तिथे कुठल्याशा व्यायामशाळेत लोखंडी वजनं बघून आले आणि ते भूत काही उतरलं नाही. लोखंड आमच्या डोंगरात कुठलं? मग यांनी दोन जांभे चिरे घेतले, मधोमध भोकं पाडली आणि एका जाड बांबूच्या दोन टोकांना अडकवले. तो बांबू अंगणात रोवलेल्या दोन बेळक्यांवर, म्हणजे दुफाट्याच्या खुंटांवर, ठेवलेला असायचा. हे कामावर गेले की त्यावर मी गोधड्या वाळत घालायचे आणि रात्री कोंबड्या बसायच्या. यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण कोंबडीला कोण बोलणार?

दंडाला काळा दोरा बांधलेला. व्यायाम झाला की दंड फुगवून मला हाक. “गो, बग, रुतला की नाय?”

“रुतला, रुतला. आता जेवायला बसा, भात रुतायला लागलाय ताटाला.”

हे सगळं कशासाठी? तर शिमग्यासाठी. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. आमच्या वाडीची रीत अशी, की ज्याचं अंगण त्याचा खांदा. घरधन्याने बेड्याजवळ, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, पुढचा दांडा उजव्या खांद्यावर घ्यायचा, अंगणात पालखी नाचवायची आणि दारात मांडलेल्या पाटावर आणून बसवायची. मध्ये खांदा बदलायचा नाही, पालखी भुईला टेकवायची नाही. घरधन्याला झेपलं नाही तर भावकीतल्या दुसऱ्याने खांदा द्यायचा, आणि मग त्या अंगणातला मान कायमचा त्याचा. आमच्या मामंजींनी मरायच्या आदल्या शिमग्यापर्यंत पालखी आणली. शेजारी रघू, यांचा चुलत भाऊ. त्याची नजर आमच्या अंगणावर मांजराची माशावर असते तशी.

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागाहून. आई म्हणायची, तेव्हापासून हिचं सगळं उलटंच. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे शेणगोठा उरकायच्या आत कोणी ना कोणी कमरेवर हात ठेवून मागल्या दारी उभा. “सगुणावैनी, जरा लाथ दे गो.” मी डाव्या पायाने हाणायचे. अख्ख्या वाडीने माझी लाथ खाल्लेली. रघूने दोनदा खाल्ली, त्यातली एक जरा जास्तच बसली. राहिला एकच माणूस, माझा नवरा. नवऱ्याला पाय लावायचा? शिव शिव शिव! चुकून लागला तरी नमस्कार करायचा.

तर मधल्या एका दसऱ्याला यांनी चिरे डोक्यावर उचलून दाखवायचं ठरवलं. जुना बांबू सैल झाला म्हणून उन्हाळ्यातच नवा तोडून आणलेला. मी म्हटलं, “अवो, चांदण्यात तोडलात, किडेल. काळोख्या पक्षात तोडायचा असतो.” तर मला म्हणतात, “वजन मी उचलणार, चंद्र नाय.” घ्या! शस्त्रांची पूजा झाली, वाडीतली माणसं जमली, हे चिरे डोक्यावर घेऊन उभे राहिले आणि आतून भुंगेऱ्याने पोखरलेला तो बांबू कडाड्‌कन मोडला. डावा चिरा पडला तो पडला, उजव्या चिऱ्याने यांचा हात मागे नेला तो नेलाच. यांनी तोंडातून हूं की चूं काढलं नाही. हसत हसत आत आले, दार लावलं आणि मग असे ओरडले की कोंबड्या छपरावर गेल्या.

चिपळूणला बाजाराला जातो सांगून डॉक्टरला दाखवलं. खांद्याच्या आतलं मांस फाटलंय, म्हणाले, वजन बंद. कंपनीत मग यांनी नुसतं पोती शिवायचं काम मागून घेतलं. आणि व्यायाम कसला दिला? भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा. चिरे उचलणारा माणूस आता पालीसारखा भिंतीला! बोटं जिथे थांबायची तिथे मी चुन्याची रेघ मारायचे. आज रेघ कालच्या वर गेली की हे खूश, खाली आली की चहा परत.

यांनी मला शपथ घातली. “रघूला कळता कामा नये. हात वर जात नाय समजलं तर शिमग्याला तो आधीच खांदा पुढं करून बसंल.” मग काय! हात कानाच्या वर जाईना, म्हणून भांग मी पाडायचा, शर्ट मी चढवायचा, आणि सगळं दार लावून. दिवसाढवळ्या आमचं दार बंद बघून वाडीत कुजबुज सुरू. आमची गोदूबाई, सासऱ्यांची बहीण, वाडीतली सगळ्यात म्हातारी. तिने मला विहिरीवर गाठलं. “सगुणे, तिकडं मामाकडं पोरगी लग्नाला आली तुझी, आणि तुमचं ह्ये काय चाललंय? परत पाळणा हालतोय काय?” काय सांगू? मी लाजल्यासारखं केलं. कळशी भरून वर आले. घरी येऊन यांना सांगितलं तर हे हसता हसता खांदा धरून बसले.

निर्गुडीचा शेक झाला. मग यांनी माझ्या नकळत बिब्बा लावून घेतला, तो उतला, खांद्यावर हा एवढा फोड. म्हटलं, आता तरी शहाणे व्हाल. तर कुठलं! माझी पाठ फिरली की डाव्या हाताच्या बोटांवर मोजत उठाबशा. आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून पौषात कावीळ झाली. डोळे हळदीत बुडवल्यासारखे. आता तेल बंद, मासळी बंद. चुलीवर टांगलेल्या हर्णै बंदरातल्या सुक्या बांगड्यांकडे हे असे बघायचे, की मीच एक दिवस ती माळ शेजारी नेऊन ठेवली. कडू किराईत पिताना माणूस तोंड वाकडं करतो, हे मला शिव्या द्यायचे. मी म्हटलं, द्या, तेवढाच जोर आहे अजून.

पण खरं सांगू? मी फार घाबरले होते. चार पोती एका दमात चढवणारा माणूस पेजेची वाटी दोन्ही हातांनी धरायचा. एक दिवस अंग पुसताना बघितलं, तर दंडावरचा काळा दोरा घसरून कोपराशी आलेला. यांनीही बघितलं. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

माघात जरा तरतरी आली तशी पहिली काय मागणी? चिरे. मी उखडलेच. “जाऊ द्या तो मान! रघूला द्या, नाहीतर गावात वाटा. मला नवरा पाहिजे, पालखीचा दांडा नको!”

यांनी भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “बाबा गेले तेव्हा मी मुंबयला व्हतो गो. त्यांना खांदा रघूनं दिला. ह्यो एक खांदा तरी माझा असूंदे.”

दुसऱ्या दिवशी मीच पाण्याने भरलेला तांब्या उजव्या हातात दिला. मग छोटी कळशी, मग मोठी. चिरे मात्र मी मागच्या परड्यात नेऊन त्यावर कपडे धुवायला घेतले.

शिमगा आला. पालखी आमच्या बेड्याशी आली, ढोल तापलेला, पोरीबाळी ओटीची ताटं घेऊन उभ्या. यांनी दांडा उजव्या खांद्यावर घेतला. खांद्याने धरलं! एक फेरी झाली, दुसरी झाली, हे नाचतायत, मी रडतेय, आणि पाटापासून दोन पावलांवर हे एकदम कमरेत वाकले आणि तिथेच राहिले. खांद्याला जपता जपता पाठीत उसण भरली. पुढे होता येईना, मागे होता येईना. ढोल थांबला.

रघू धोतर सावरत पुढे आला. “दादा, सोड. मी हाय ना.”

यांनी नाही म्हणून मान हलवली आणि दांडा आणखी घट्ट धरला. तेवढ्यात गोदूबाई मागून कडाडली, “अरं, उसण भरलीया त्याला! सगुणे, बगतेस काय? पायाळू ना तू?”

सगळी वाडी माझ्या पायाकडे बघायला लागली. मी पालखीबरोबर आलेल्या गुरवाकडे बघितलं. गुरव देवीकडे बघतोय. “नवऱ्याला लाथ?” मी म्हटलं, “पाप लागेल हो!”

हे खालून म्हणाले, “मार.”

“अवो, पण—”

“मार म्हणतो ना! देवीचा भार तुझ्या पापापेक्षा जास्त हाय!”

मी आधी देवीच्या पाया पडले, मग यांच्या पाया पडले, मग लुगडं खोचलं आणि डाव्या पायाने कमरेत अशी हाणली की काय सांगू! मारायची होती हळूच. पण किडका बांबू आठवला, बिब्बा आठवला, मोरीतलं रडणं आठवलं. पाठ कटकन वाजली ती ढोलवाल्यालाही ऐकू गेली. हे ताठ! एक पाऊल, दोन पावलं, आणि पालखी पाटावर. ढोल असा सुटला की बास. मी परत यांच्या पाया पडले, तर हे म्हणतात, “आता ऊठ, ओटी भर, देवी खोळंबलीया.”

लाथेने उसण गेली की लाजेने, ते देवीला ठाऊक. मान मात्र राहिला. पण वाडीची तोंडं कोण धरणार? रात्रभर तोच विषय. वैनीनं दादाला भर शिमग्यात लाथाडला! रघूने तर सोंगवाल्या पोरांना ते करूनही दाखवलं. मी घरात तोंड लपवून बसले. म्हटलं, आता हे चार दिवस बोलत नाहीत माझ्याशी.

सकाळी पालखी रघूच्या घरी जायची म्हणून सगळी माणसं त्याच्या अंगणात जमलेली. मी सवयीने आतून कडी लावली आणि खोबरेल तेलाची वाटी घेतली. यांनी कडी काढली. पाट उचलला, बाहेर नेला आणि अंगणाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा मांडून त्यावर बसले.

“गो,” हे रघूच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले, “हिकडं ये, भांग पाड. दसऱ्यापासनं हात वर जात नाय माझा.”

रघूच्या अंगणातली बडबड थांबली. गोदूबाई कपाळावर हात घेऊन बघत राहिली. तिला दाराचं कोडं सुटलं असावं, कारण ती एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली.

सगळे बघत होते म्हणून मी घाई केली, भांग वाकडा पडला. मोडून परत पाडते म्हटलं, तर नको म्हणाले. तसाच वाकडा भांग घेऊन हे रघूच्या अंगणात पालखीला हात लावायला गेले.