विहिरीत नाही

"पडलेली पाह्यली, का पडली असं वाट्टे?"

विहिरीत बादली पडली म्हणून कोणी बोलवायला गेलं की तो आधी हे विचारायचा. गुडघे वर घेऊन बसलेला, शेजारी दोराचं वेटोळं आणि त्यावर लोखंडी गळ. समोरचा वैतागायचा. पडली म्हणजे पडली, त्यात वाटायचं काय? पण तो जागचा हलायचा नाही. 'पाह्यली' म्हटलं तर लगेच दोर उचलायचा. 'वाट्टे' म्हटलं तर आधी घरी जाऊन बाजेखाली बघून यायला सांगायचा. कितीतरी बादल्या बाजेखालीच सापडायच्या.

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्याशी बोलणं नको वाटतं आणि ज्याच्यावाचून अडतं. मला तर त्याची शिसारी यायची. अठ्ठावन्न साली मी घाटंजीजवळच्या एका खेड्यात एकशिक्षकी शाळेवर होतो आणि तो शेजारच्या तांड्यावरचा. अंगाला बारा महिने गाळाचा वास. तोंडात तंबाखू, आणि पिचकारी मारायला माझ्या शाळेचीच पायरी. एकदा मी मुलांना पृथ्वी गोल आहे असं सांगत होतो, तर दारातून म्हणतो, गुरुजी, तुमी पाह्यली? मी म्हटलं, पुस्तकात आहे. "मंग असं सांगा ना, का पुस्तकात हाये." मुलं फिदीफिदी हसली. मी दार लावून घेतलं आणि उरलेला दिवस मुलांवर राग काढला.

त्या उन्हाळ्यात पाटलीणबाईंची गळ्यातली सोन्याची एकदाणी हरवली. गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईवर आळ आला आणि दुपारपर्यंत ते साऱ्या गावाला 'माहीत' झालं. पाहिलं कोणीच नव्हतं. तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. ते गावाच्या डोळ्यांत सलत होतं, एकदाणी हे निमित्त. ती बाई एवढंच म्हणत होती की सकाळी पाटलीणबाई परसातल्या विहिरीत वाकून पाणी किती राहिलं ते बघत होत्या, तेव्हाच तुटून पडली असेल, निदान बघा तरी.

त्याला बोलावणं गेलं. त्याने तिलाही तोच प्रश्न विचारला. मला वाटलं, जीव वाचवायला ती शपथेवर 'पाहिली' म्हणेल.

"पाह्यली नाही, बाबा," ती म्हणाली. "वाट्टे."

त्या दिवशी गावात खरं बोललेलं ते एकच माणूस. 'वाट्टे' म्हणणाऱ्यासाठी तो आजवर कधी उठला नव्हता. त्या दिवशी उठला.

दोन दिवस तो त्या विहिरीत होता. गळाला एवढीशी वस्तू लागायची नाही म्हणून स्वतः उतरला, बुड्या मारमारून हातांनी गाळ चाचपत राहिला. एक चप्पल निघाली, दोन गंजक्या बादल्या निघाल्या आणि कुजून फुगलेलं मांजर निघालं. पाटलांचं घर आठवडाभर तेच पाणी पीत असणार. पण खरी घाण विहिरीच्या वर होती. काठावर बसून फुटाणे खात गाव वाट बघत होतं, ती सापडू नये याची.

दुसऱ्या संध्याकाळी तो वर आला. ओठ काळेनिळे पडले होते. "नाही सापडली," एवढंच बोलला.

ठाण्याचा जमादार आला होता. गावात लिहिता येणारा मी, म्हणून कागद माझ्यापुढे आला. मी लिहिलं: विहीर पूर्ण तपासली, वस्तू विहिरीत नाही. वाचून दाखवलं. अंगठा द्यायची वेळ आली तसा त्याने हात मागे घेतला.

"मले सापडली नाही, गुरुजी. तिथं नाही असं मी कवा म्हटलं? खाली माह्या कमरेएवढा गाळ हाये."

मी म्हटलं, दोन्ही एकच. एकच नव्हतं, हे मला तेव्हाही पक्कं कळत होतं. पण जमादार खोळंबला होता, पाटील माझ्या हाताकडे बघत होते, आणि आत पुरण शिजल्याचा वास येत होता. अंगठे काय, काठावर फुटाणे खाणाऱ्या दोघांनी दिले. विहिरीत नाही म्हणजे तिच्याकडेच, असं ठरलं आणि जमादार तिला घेऊन गेला. दोन दिवस खपून त्याने जे केलं, तेच माझ्या एका ओळीने तिच्याविरुद्धचा पुरावा झालं. मी पाटलांकडे पोळी खाल्ली. त्याच विहिरीचं पाणी प्यालो. माझी मलाच किळस येते ती इथे.

तिच्या घरात काही निघालं नाही, म्हणून चौथ्या दिवशी सोडलं. पण तिला कोणी कामाला बोलवेना. महिनाभरात ते बिऱ्हाड राजूरला कोळशाच्या खाणीवर गेलं. तो मात्र पुढचे दोन उन्हाळे, पाणी खाली गेलं की, न बोलावता त्या विहिरीत उतरायचा. पाटलांचा गाळ फुकट निघत होता, ते कशाला अडवतील? एकदाणी निघाली नाही.

मग एका सकाळी माझ्याच बादलीचा दोर तुटला. तांड्यावर गेलो. तो तसाच गुडघे वर घेऊन बसला होता, पण त्याने प्रश्न विचारला नाही. शेवटी मीच म्हणालो, काका, पडलेली पाहिली मी, माझ्या डोळ्यांनी.

"पाह्यली असन," तो शांतपणे म्हणाला. "पन तुमच्या म्हनण्यावर मी आता दोर नाही सोडत, गुरुजी."

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी आर्णीच्या बाजारात तांड्यावरचा एकजण भेटला. विहिरीत उतरणारा तो वारला, म्हणाला. पाहिलं का ऐकलं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तांड्यावरचा म्हणाला, ऐकलं. म्हणून तो गेला असं मी अजून कुणाला सांगत नाही. आणि एकदाणीचं विचाराल, तर ती कुठे आहे ते मला माहीत नाही. कागद लिहिला तेव्हाही माहीत नव्हतं.