सरकीला चोळायची माती

मंडळी, आज सकाळचा नातीचा एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवतोय.

कॉलेजला सुट्टी लागली म्हणून ती घरी आलीय. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट पाहून म्हणाली, "आबा, पहिले पाकीट नव्हतं, तं सरकी कशी पेरत होते?"

मग तिला साठच्या दशकातला माझा कॉलेजचा उन्हाळा सांगितला. मारेगावजवळच्या आमच्या घरी दुपारभर लोळायचं, पन्हं प्यायचं आणि सगळ्यांना विज्ञान शिकवायचं, एवढंच माझं काम. आई शेणमातीत सरकी चोळून वाळवायची. मला ती घाण वाटली. आईचा डोळा लागला तशी मी टोपलीभर चोळलेली सरकी स्वच्छ धुऊन ठेवली.

वाळल्यावर दाण्यांवर उरलेल्या कापसाच्या तंतूंचा असा गुंता झाला, की दाणा दाण्याला सोडेना. पेरणार कशी? ते तंतू दाण्याला चिकटून बसावेत म्हणूनच तर आई शेणमाती चोळायची.

"आधी काहून नाही सांगितलं?" मी उलटा आईवरच चिडलो.

आई पुन्हा शेणमाती कालवत म्हणाली, "तू इचारलं कुठी? तू तं सांगूनच राह्यला होता."

नात खूप हसली. मग म्हणाली, "पण आबा, माती कोणती? वावरातली का नदीची?"

हे मी आईला त्यानंतरही कधी विचारलं नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे काय?