कांदाचाळीतले मैल

बियाणं कंपनीतल्या फिरतीच्या नोकरीत मला कंबरदुखी मिळाली आणि विमानाचे मैल मिळाले. कंबरदुखीबद्दल मी बोलत नाही; मैलांबद्दल मात्र कुणी विचारलं नाही तरी सांगते. आपण जितका प्रवास करू तितके मैल विमान कंपनी आपल्या खात्यात टाकते आणि पुरेसे साठले की त्यांवर तिकीट देते. एवढं साधं प्रकरण. पण साध्या प्रकरणात जीव अडकवायचा, ही आमच्या घरची जुनी सवय.

हैदराबादला जायचं असलं की मी दिल्लीवरून जायचे, कारण मैल जास्त पडतात. साहेबांना सांगायचं, सरळचं विमान भरलं होतं. शिवाय माझ्याकडे मैल देणारं कार्ड होतं. नगरला ओळखीत लग्न निघालं की आचाऱ्याच्या आधी मी हजर. "मंडपाचे पैसे माझ्या कार्डावर भरू द्या, मला रोख द्या." चुलतभावाचे ठिबकचे पाईप, शेजारणीचा फ्रीज, सगळं माझ्याच कार्डावर. लोक मला चहा पाजायचे, पण जरा जपूनच.

आई पुणतांब्यात राहते. शिर्डीची विमानं तिच्या घरावरून जातात आणि भांडी घासता घासता ती मान वर करते. एकदा तिनं विचारलं, "वरून आपलं घर कसं दिसतं गं?"

इतकी वर्षं उडून मला ते सांगता येईना. मी कायम वाटेकडची जागा घेते, लवकर उतरता येतं म्हणून.

"तुला नेते ना," मी म्हटलं. "जरा थांब."

थांबण्याला कारण होतं. शिर्डी ते हैदराबाद एवढ्याशा उड्डाणावर मैल उधळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मैलांचं चीज करायचं तर सिंगापूर, तेही आडवं पडून झोपता येतं त्या जागेत. आईचं सिंगापूरला काहीही काम नव्हतं, पण हिशोब बरोबर होता.

मग आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधानं जपायची. तरीही मी म्हटलं, थोडेच मैल कमी आहेत. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एका सकाळी मोबाईलवर निरोप आला. विमान कंपनीनं मैलांचे दर बदलले होते. दोघींच्या सिंगापूरला जवळपास पुरत आलेले माझे मैल रातोरात एकीलाही पुरेनात. मी पुणतांब्याला जाऊन आईपुढे रडले. ती हसली.

"कांद्याचंबी आसंच आस्तं. भाव चढंल म्हनून चाळीत ठिवायचा, आन् मंग सडका निवडीत बसायचं."

तिथेच ओट्यावर बसून मी त्या मैलांवर शिर्डी-हैदराबादची जायची-यायची दोन तिकिटं काढली. वरचा कर भरला. जागा निवडायचे मात्र वेगळे पैसे मागत होते. ते भरले नाहीत. जित्याची खोड.

निघायच्या दिवशी आईनं शेजारणीला बजावलं, "इमानाच्या टायमाला माझं लाल लुगडं गच्चीवर टाक. वर धोंडे ठिव."

विमानात चढल्यावर माझी कंजुषी उघडी पडली. दोघींनाही मधल्या जागा, त्याही वेगवेगळ्या रांगांत. ज्या खिडकीसाठी हा खटाटोप, ती आईशेजारच्या एका टायवाल्या गृहस्थाकडे. मी उठून विनवणी करणार, तेवढ्यात तीन रांगा पुढून आईचा आवाज आला.

"दादा, ह्ये चार पेरू घ्या. आमच्या बागंतले हायेत. मला तेवढं खिडकीशी बसू द्या, खाली माझं घर हाय."

गृहस्थ उठले. विमानभर पेरूचा वास सुटला. नंतर मला दिसला तो फक्त काचेला चिकटलेला तिचा पदर.

हैदराबादला उतरल्या उतरल्या मी विचारलं, "दिसलं का?"

"दिसलं की. पन लुगडं एक न्हाई, सात-आठ हुती. आळीतल्या समद्या बायांनी टाकली. मेल्या!"

"मग आपलं कोणतं, कसं कळलं?"

"चिंचंच्या कडंचं. तुज्या बापानं लावलेली चिंच. वरून लई मोठी दिसती गं."

तिचे डोळे भरले होते आणि माझेही. तिनं पिशवीत हात घालून चाचपलं.

"परतीला तू बस खिडकीत. दोन पेरू ठिवलेत."