जात्याची तळी

माझा मामा बार्शीटाकळीकडच्या धरणात मासे धरतो. त्याच्या डोंग्याला लोखंडी नांगर नाही, जात्याची वरची तळी आहे. दाणे टाकायच्या भोकातून दोर ओवला की झाला नांगर. आमचं गाव धरणात जाताना लोकांनी दारं, छपराचे फाटे, कवेलू सगळं उपसून नेलं. जाती मात्र जड म्हणून बरीच मागे राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मामाला ती सापडतात.

गेल्या उन्हाळ्यात आईनं फोनवर सांगितलं, "मले एकडाव घरावर ने." घरावर म्हणजे आमचं घर जिथं बुडालं, त्या पाण्यावर. आईशी वाद म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी मुकाट्यानं रजा काढून अमरावतीहून गेले.

जुन्या गावाची टेकडी आता बेट झाली आहे. तिच्या कुशीत पाणी कमरेएवढंच उरलं होतं. तिथं आमच्या घरामागं कडुनिंब होता आणि त्याच्याखाली माझी मोठी बहीण पुरलेली. माझ्या जन्माआधीच, पाळण्यात असताना गेली ती. पुढं मी झाले तेव्हा आईनं मला तिचंच नाव ठेवलं. हे मला आत्यानं सांगितलं. आईनं कधीच नाही.

मामानं आम्हा दोघींना डोंग्यातून तिथं नेलं, पण वारा डोंग्याला सारखा ढकलत होता. मामानं तळी उचलली, तसा आईनं त्याचा हात धरला.

"टाकू नोको! खाली पोरगी हाये माही."

"ताई, एवढ्या वर्सानं तिथं काय रायते?"

"टाकू नोको म्हटलं ना तुले!"

मामा लेकरू घ्यावं तशी तळी मांडीवर घेऊन बसला.

दगड टाकायचा नाही आणि डोंगा तर थांबवायचा. शेवटी मीच पाण्यात उतरले आणि डोंग्याची कड घट्ट धरून उभी राहिले. पाय पोटरीपर्यंत गाळात गेले. खाली काहीतरी टणक लागलं. निंबाचं मूळ असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण भरदुपारी अंगावर काटा आला, मी खरंच भ्याले.

"हळू उभी राय," आई म्हणाली.

मग ती वाकली, पाण्यावर हात ठेवला आणि माझं नाव घेतलं. इतक्या मायेनं तिनं मला आजवर कधी हाक मारली नव्हती.

"ओ," मी म्हटलं.

आईनं पाण्यावरची नजर काढली नाही.

"तुले नाई."