बेगमचा डावा पाटा

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रूपवर सध्या नातजावयाच्या नव्या गाडीचा घोळ चाललाय. सात माणसं बसतील अशी मोठी गाडी घ्यायचीय, पण भरवशाची कुठली तेच ठरेना. कुणी म्हणतं हिचा गिअर अडकतो, कुणी म्हणतं तिचा एसी टिकत नाही... शेवटी नातीनं मला विचारलं, "आबा, तुमच्याकडं पण होती ना मोठी गाडी? तुमचा अनुभव लिहा की."

अनुभव लिहा म्हणे! लिहितो. पण ग्रूपवर नाही, इथं लिहितो. तिथं लोक अंगठा दाखवून पुढं जातात.

आधीच सांगून ठेवतो – मी असलं काही मानत नाही. जन्मभर हायस्कूलात भौतिकशास्त्र शिकवलं. अंगात आलेल्या बाईला "पाणी प्या आणि सावलीला बसा" असं सांगणारा माणूस मी. तुळजापूरला जातो तेही बायको नेते म्हणून. तेव्हा पुढचं वाचून 'म्हातारा चळला' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. सरकारी कागदावर आमचं गाव उस्मानाबाद, तोंडात मात्र धाराशिव. माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – तिथल्या कोर्टात वकील होते. त्यांचा एक जुना अशील, मोठा जहागीरदार, सगळं आवरून हैदराबादला निघाला आणि जाताना त्याची विलायती स्टेशन वॅगन आम्हाला देऊन गेला. काय गाडी होती महाराज! पुढं तिघं, मधे चौघं, मागं आडव्या बाकांवर सामान आणि पोरंटोरं. जहागीरदाराच्या घरच्या बायका त्यातून पडद्यात फिरायच्या, म्हणून खिडक्यांना पितळी दांड्या आणि हिरवे पडदे. गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं – बेगम. "वकीलसाहेब, बेगमला घेऊन कुठं?" असं लोक भर रस्त्यात विचारायचे आणि आई लाजून आत पळायची.

आणि भरवसा विचाराल तर... आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडं तसलीच गाडी होती. ती बाहेर निघाली की मागनं बैलजोडी निघायची, ओढून आणायला. आमची बेगम मात्र एकदाही वाटेत बसली नाही. भर उन्हाळ्यात नळदुर्गचा रस्ता असो नाहीतर आषाढातला चिखल, हँडल मारलं की पहिल्या झटक्याला उठायची. डॉक्टर अण्णांना म्हणायचे, "वकीलसाहेब, तुमचं नशीब लई दांडगं." अण्णा म्हणायचे, "नशीब नव्हे, आमची कुसुम तिच्याशी बोलते."

कुसुम म्हणजे माझी थोरली बहीण. ताई. ती खरंच बोलायची गाडीशी. बॉनेटवर थाप मारून "ऊठ गं बाई, निघायचंय" म्हणायची. तिची जागा ठरलेली – मधल्या बाकावर, डाव्या खिडकीशी. तिथं दुसरं कुणी बसलं की भांडण. ताई अंगानं चांगली भरलेली, आणि बेगमचा मागचा डावा पाटा – म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग – जरा अधू. तिनं पाय टाकला की गाडी त्या बाजूनं खाली जायची आणि पाटा ओरडायचा, कुईंऽऽ. उतरली की गाडी वर यायची, पुन्हा कुईंऽऽ. अण्णा चिडवायचे, "तायडी बसली की बेगमही बसते!" ताई फुगून बसायची, मग स्वतःच हसायची. आई तर स्वयंपाकघरातनं नुसत्या त्या आवाजावरनं ओळखायची. "आली गं कुसुम," म्हणायची आणि चहाचं आधण ठेवायची.

ताईला भूमला दिलं. घर शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी. मेव्हणे स्वभावानं गरीब होते, पण सासूबाई करारी. आमच्याकडं नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी मुराळी होऊन बेगम घेऊन गेलो. सासूबाई म्हणाल्या, "यंदा माणसं न्हाईत कामाला, पुढल्या साली न्या." पुढल्या साली म्हणाल्या, सासऱ्यांना बरं नाही. त्याच्या पुढं आणखी काहीतरी निघालं. मी दर वेळी जेवून, ताईला भेटून, रिकामी गाडी घेऊन परत यायचो. ताई दारापर्यंत यायची, गाडीवर थाप मारायची आणि परत आत वळायची. आणि इकडं आई झोका बांधून, पुरणाची डाळ भिजत घालून बसलेली असायची. गाडी दारात लागली की आवाजाकडं कान. आवाज नाही म्हटल्यावर ती हातातला भाकरतुकडा तसाच परत ठेवून द्यायची. लेक पुष्कळ दिवसांनी आली तर तिच्यावरनं भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, दृष्ट जाते, मग तिनं उंबरा ओलांडायचा. माझ्या आईचा तो तुकडा तीन पंचम्या ओवाळायचा राहिला होता.

त्या वर्षी मात्र भूमहून निरोप आला, 'यंदा पाठवतो, मुराळी धाडा.' आईचे पाय जमिनीवर ठरेनात. निघताना ती गाडीपाशी आली, काचेवर हात ठेवला. "रघू, एक ऐक. कायबी झालं तरी रिकामी गाडी आणू नको बाबा. आता सोसवत नाही मला."

"आणतो गं, निरोपच आलाय ना," मी म्हणालो.

श्रावणातली सकाळ. ऊन-पाऊस चाललेला, येडशीचा घाट हिरवागार. मी शीळ घालत गेलो. भूमला शिरलो तर ताईच्या दारात माणसं उभी. मला वाटलं, सणाची गडबड. मग मेव्हणे दिसले, भिंतीला टेकून खाली बसलेले. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

पहाटेच गेली होती ताई. आठवडाभर ताप होता. साधा ताप म्हणून काढे चालले होते, मग तो डोक्यात गेला. आमच्याकडं माणूस पाठवायच्या तयारीत होते, तेवढ्यात मीच पोचलो.

मी म्हणालो, आई-अण्णांना घेऊन येतो, तोवर थांबा. जुनी माणसं म्हणाली, ओढे भरलेत, जाऊन येईस्तोवर अंधार पडंल, पोरीला अशी ठेवू नये. ताईला मी खांदा दिला. तिकडनं आल्यावर सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. करारी बाई, पण पार मोडली होती. "यंदा पाठवणार व्हते ओ मी... पेटी भरली तिची माज्या हातानं. तुमचंच माणूस तुम्हाला द्यायला उशीर केला बघा." मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याही रडत होत्या आणि मीही.

मग त्या म्हणाल्या, "रात्रीपास्नं तिनं एकच धोशा लावला व्हता. बेगम आली का, बेगम आली का. आमाला वाटलं शेजारच्या हसीनाबीला बोलावतीय. लई जीव व्हता दोघींचा. म्हून हसीनाबीला बोलावली."

त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं हो! आमच्या गाडीचं नाव बेगम, हे आमच्या गल्लीबाहेर ठाऊक असायचं कारणच काय?

हसीनाबी दाराशीच उभ्या होत्या. पांढरे केस, पोक आलेली बाई. त्यांनी सांगितलं, "मैं आको बाजू बैठी बेटा. हाथ पकडी. वो पूछी, बेगम आ गई क्या? मैं बोली, हौ बेटी, आ गई मैं. तो हंसी... बोली, 'मग चला. मला माझ्या जागेवर बसवा.' उसके बाद कुछ नई बोली." डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पन बेटा, मैं तो बेगम नई. ये बेगम कौन?"

मी नुसतं बोट केलं – दारासमोर लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीकडं.

त्यानंतर जे झालं, ते मी आजवर अण्णांना, बायकोला आणि एका मित्राला सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

मी निघालो. पेटी त्यांनी दिली नाही, मी मागितली नाही. गाडीत एक चिंधीसुद्धा नव्हती. मेव्हणे आत निजलेले, दारात फक्त हसीनाबी. मी पुढं जाऊन हँडल लावलं, वाकलो... आणि मागं आवाज झाला. कुईंऽऽ. गाडी मागनं डावीकडं बसली. हँडल अजून फिरवलंही नव्हतं. मी ताडकन उभा राहिलो. मधला बाक रिकामा. हिरवा पडदा स्थिर. हसीनाबींनी एकदा चाकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढून घेतला.

गाडी पहिल्या झटक्याला उठली.

मला काय वाटलं सांगू? भीती-बिती काही नाही. मला वाटलं, झालं, आजच पाटा तुटायचा होता! चीड आली. येरमाळ्याला पाणी पिण्यासाठी थांबलो तर हॉटेलवाला म्हणतो, "मालक, डावा पाटा पार बसलाय की. मागं लई वजन भरलंय जणू." तो स्वतः काचेला डोळा लावून आत बघून आला. "आरं तिच्या, मोकळीच हाय की!" म्हणून माझ्याकडं बघत राहिला. मी गाडीखाली वाकून बघितलं. पाटा तुटलेला नव्हता, सरकलेला नव्हता. भार आल्यावर वाकतो तसा नुसता वाकलेला होता.

तिथनं पुढं मी सावकाश आणली. का, ते विचारू नका. खड्डा आला की हळू घ्यायचो. ताईला खड्ड्यांचा त्रास व्हायचा.

धाराशिव जवळ आलं तसा मी वेग आणखी कमी केला. आईला सांगायचं कसं? रिकामी गाडी आणू नको म्हणाली होती. वाटलं, गाडी वेशीबाहेर लावावी आणि आधी कोर्टात जाऊन अण्णांना गाठावं. पण गल्लीतल्या पोरींनी लांबनं बघितलं आणि "बेगम आली, बेगम आली" म्हणत घराकडं पळाल्या. आता पाय मागं घेता येईना. दारात नेऊन लावली. ऊन अजून ओट्यावर होतं.

आई बाहेर आली. एका हातात तांब्या, एकात भाकरीचा तुकडा. तिनं खाली झुकलेली गाडी बघितली आणि तिचा चेहरा... तो चेहरा मी विसरू शकत नाही. इतकी आनंदलेली मी तिला आधी कधी बघितली नव्हती, नंतरही नाही. मी स्टिअरिंगवरनं हात काढले नाहीत. पडदा लावलेला, तिला आतलं दिसत नव्हतं. तिनं डाव्या दारावरनं तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, दोन्ही बाजूंना टाकलं. आणि दार उघडलं.

कुईंऽऽ.

गाडी वर आली. मी आत बसलेलो होतो, माझं अंगसुद्धा हललं नव्हतं. मला माझ्या बुडाखालचा बाक उचललेला कळला.

आई रिकाम्या बाकाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. आईला सांगावं लागत नाही हो... ती उंबऱ्यावर बसली ती बसलीच. मी उतरून तिच्या मांडीत डोकं घातलं. ती रडत होती, आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवत एकच म्हणत होती, "आली रे. उतरली. मी ऐकलं."

अण्णांना मी सगळं सांगितलं. ते वकील, त्यांनी उलटतपासणी घेतली. ऊन लागून पोलाद तापलं असेल, पाट्याची कडी अडकून मग सुटली असेल. मीही पुढं वर्गात स्प्रिंगचा धडा घेताना हेच मनाशी घोळवायचो – भार ठेवला की ताण, भार काढला की मूळ जागा. कडी अडकली असेल, मान्य. पण ती अडकली ताईच्या दारात, आणि सुटली आईनं ओवाळल्यावरच? मिस्त्रीनं पाटा सोडून बघितला, म्हणाला ठणठणीत आहे, नुसतं ग्रीस लावलं. त्यानंतर आणखी कितीतरी वर्षं बेगम आमच्याकडं होती. त्या जागेवर जाडजूड पाहुणे बसले, धान्याची पोती बसली. तो पाटा पुन्हा कधी ओरडला नाही. याचा खुलासा माझ्याकडं नाही. आहे म्हणून सांगितलं तर खोटं होईल.

आई पुढं पुष्कळ जगली. पंचमीला झोका बांधायची, पण ताई आलीच नाही असं तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. कुणी हळहळलं की म्हणायची, "शेवटच्या पंचमीला येऊन गेली की माझी लेक."

तर नातीला सांगा, तुझ्या आजोबांचा अनुभव एवढाच. गाडी जुनी होती, तेल प्यायची, पावसात छत गळायचं. पण आईनं सांगितलं होतं, रिकामी आणू नको. मला ते जमलं नाही. बेगमनं ते केलं.